चार वाजून दहा मिनिटं

ल लोक्लमध्ये बर्फ नोव्हेंबरात येतं
आणि एप्रिलपर्यंत राहतं, पाहुण्यासारखं नाही,
घरजावयासारखं.
खिडकीशी माझं टेबल. उजव्या डोळ्याला भिंग.
केसाहून बारीक स्प्रिंगची चिमट्याने समजूत घालणं, हे माझं काम.
जरा आत ये. जरा सैल हो.
उन्हात रेंगाळू नकोस बाई, थंडीत धावू नकोस.

रोज भर दुपारी न्यूशातेलच्या वेधशाळेतून
तारेवरून ठोका येतो.
टक्.
खोऱ्यातली सगळी घड्याळं त्या एका टक्-पुढे मान तुकवतात.
एकोणीस वर्षं मीही तुकवली.
काळ एकच, सगळ्यांचा सारखा;
त्याच्याच भाकरीवर तर हे घर चाललं.

युलिस वालपरायसोला निघाला तेव्हा
पेटीत विकायची बासष्ट घड्याळं होती
आणि खिशात त्रेसष्टावं, मी लावलेलं.
"यात तुझीच वेळ ठेवीन, एल्विना," म्हणाला.
"तिथला सूर्य काय म्हणायचं ते म्हणो."

मग तार. ताप. भर समुद्र.
मंगळवार, चार वाजून दहा मिनिटं.

कुणाचे चार-दहा?
जहाजाचे? बंदराचे?
मी कंपनीला पत्र घातलं. लोकांना वाटलं, हिला वेड लागलं.
चौदा आठवड्यांनी उत्तर आलं, सोबत घड्याळ:
मयताच्या खिशातल्या वेळेप्रमाणे.
म्हणजे माझ्या.

आणि मंगळवारी चार-दहाला मी हसत होते.
पक्कं आठवतं. शेजारची सिदोनी
पाद्रीबुवांची घसरगाडी थेट डबक्यात कशी गेली ते सांगत होती,
आणि मी टेबलाला धरून, डोळ्यांत पाणी येईतो.
ते हसू तीन वर्षं घशाखाली उतरलं नाही.

माळ्यावर गीगाक्स मास्तर राहतो. गणित शिकवतो.
बुटांना भोकं, भाडं कायम उशिरा,
कोटात कुठल्याशा नियतकालिकाची फाडलेली पानं.
एका रात्री सूप गार होईपर्यंत बोलला.
टेबलाच्या दोन टोकांना दोन काड्या पेटवल्या,
एकदम.
"तुम्ही मधोमध बसलात. दोन्ही उजेड एकदमच आले, हो ना?
आता हे मांजर बघा. टेबलावरून चाललंय, या काडीकडे.
हिचा उजेड त्याला आधी गाठणार."
मांजर पुढे गेलं म्हणून, मी म्हणाले. त्यात काय एवढं.
"पण प्रकाश कुणासाठी घाई करत नाही,
कुणासाठी रेंगाळत नाही.
मांजराने मोजला तरी वेग तोच, तुम्ही मोजला तरी तोच.
उजेड निघाले तेव्हा दोन्ही काड्या त्याच्यापासून सारख्याच लांब.
मग मांजराने काय म्हणावं?
ही काडी आधी पेटली. आणि ते खोटं बोलत नाहीये."

मग खरं कोण?
"दोघंही."
आणि सगळ्यांचा तो एक 'आत्ता'?
मास्तरने चमचा खाली ठेवला.
"तसा तो नाहीच, बाई. कधीच नव्हता.
आपण वेगात इतके सारखे, इतके हळू,
की त्याची गैरहजेरी कुणाला जाणवली नाही."

मी विचारलं, किनारा सोडून चाललेलं जहाज असेल तर?
तो बिचारा उजळला, कागद ओढला, आकडे मांडले.
सेकंदाचे अब्ज तुकडे करा, म्हणाला,
त्यातला एकसुद्धा पुरता भरत नाही.
तुमच्या कुठल्याच तबकडीवर त्याला रेघ नाही.

एवढ्याशा फटीतून माणूस निसटेल काय?
नाही निसटत. मला हिशेब येतो.
मी हसत होते, तो गेला,
आणि अब्जांश सेकंदाने त्यात काही फरक पडत नाही.

तरी त्या रात्री फडताळातून त्रेसष्टावं काढलं.
किल्ली दिली. चालू लागलं, जरा खोकत,
मिठाने कुठेतरी धरलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठोका आला. टक्.
दुकानातली सगळी घड्याळं जुळवली.
हे अकरा सेकंद मागे होतं.
चिमटा उचलला, भिंग लावलं,
मग मांजर टेबलावर चढलं
आणि मी त्याला जागा करून दिली.